मीठवाल्यांचे चोवीस सेल

काटेकोरबाईंनी आयुष्यात एकच सही खोटी केली, आणि तीही इतकी किरकोळ, की करताना पेनसुद्धा अडखळलं नाही.

काटेकोरबाई हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. बॅटरीच्या कारखान्यात नोकरीला होत्या तेव्हा कुणीतरी गमतीनं ठेवलेलं ते नाव. दुसऱ्यानं मोजलेलं त्या पुन्हा मोजत, आणि चहात साखर घालतानाही चमचा डब्याच्या कडेला घासून सपाट करत. नाव चिकटलं ते चिकटलंच. पुढे नोकरी सोडून त्यांनी नवऱ्याबरोबर स्वतःची प्रयोगशाळा काढली, तर तिथंही ते मागोमाग आलं. तोंडावर कुणी म्हणत नसे. पण बाईंना ठाऊक होतं, आणि खरं सांगायचं तर आवडतही होतं.

प्रयोगशाळा म्हणजे एका छापखान्याच्या वरच्या दोन लांबट खोल्या. खाली यंत्रं सुरू झाली की वर टेबलावरची पेनं थरथरत. विजेवर चालणाऱ्या गाड्यांसाठी नव्या तऱ्हेच्या बॅटऱ्या बनवणारे लोक होते, त्यांच्यात पैसा घालू बघणारे लोक होते, आणि या दोघांच्या मधोमध बाई होत्या. बनवणारा म्हणे, आमचा सेल दहा वर्षं मरत नाही. पैसेवाला म्हणे, आधी बाईंना दाखवा. मग बाई तो सेल आठवडेच्या आठवडे चार्ज करत, रिकामा करत, तापवत, गारठवत, आणि शेवटी चार पानांचा अहवाल लिहीत. त्या चार पानांवर एखाद्याचा कारखाना उभा राही किंवा आडवा होई. फोन घेणं आणि गिऱ्हाइकाची मनधरणी करणं हे नवऱ्याकडे होतं. मनधरणी हा बाईंचा प्रांत नव्हता.

तर एके दिवशी या प्रयोगशाळेत मीठवाले आले.

मीठवाले हे जुन्या कारखान्यातले बाईंचे वरिष्ठ. बाई नवख्या होत्या तेव्हा त्यांनीच शेजारी बसवून काम शिकवलेलं. सगळी दुनिया महागड्या धातूंच्या मागे धावत असताना हा माणूस म्हणे, मिठात जो सोडियम असतो ना, त्याची बॅटरी करता येते, आणि मीठ काय, समुद्रभर पडलंय. जेवणाच्या सुट्टीत लोक मुद्दाम त्यांच्या टेबलापाशी जात. "भाजी अळणी आहे हो, जरा तुमची बॅटरी इकडे द्या." मीठवाले स्वतःच आधी हसत आणि खरोखरच खिशातून मिठाची पुडी काढून देत. पुडी बाळगायला त्यांनी कधीपासून सुरुवात केली ते मात्र कुणाला कळलं नाही.

निवृत्तीला सात वर्षं उरलेली असताना त्यांनी नोकरी सोडली. एक बंद पडलेली बेकरी भाड्यानं घेतली. त्यांची बायको शाळेत विज्ञान शिकवायची. तिनंही मुदतीआधी निवृत्ती घेतली, मिळाली ती पुंजी बेकरीत ओतली आणि हातमोजे चढवून नवऱ्याच्या शेजारी उभी राहिली. पावाची कणीक मळायचं एक जुनं यंत्र तिथंच पडलेलं होतं. पहिली दोन वर्षं त्यांनी सेलचं मिश्रण त्यातच घोटलं. अशी सहा वर्षं गेली. सातव्या वर्षी एका गुंतवणूक कंपनीच्या साहेबांच्या कानावर त्यांचं काम गेलं. साहेब बेकरीत आले, पाऊण तास हिंडले, आणि म्हणाले, "मालवाहू तीनचाकीसाठी हे चालेल असं मला वाटतं. बाईंचा अहवाल आणा. तो बरा आला तर पुढचं माझ्याकडे लागलं."

"आता तुझ्या हातात आहे बघ," मीठवाले बाईंना म्हणाले आणि त्यांनी टेबलावर एक खोकं ठेवलं. आत चपटे, पाकिटासारखे, चंदेरी सेल ओळीनं रचलेले. चोवीस तपासणीसाठी, आठ नियमाप्रमाणे नमुना म्हणून ठेवून द्यायला.

"माझ्या हातात काही नसतं दादा," बाई म्हणाल्या. "सेलच्या पोटात असेल ते कागदावर येईल. ओळख बाजूला."

"म्हणून तर तुझ्याकडे आणलेत," मीठवाले म्हणाले, आणि सोबत आलेल्या बायकोकडे बघून हसले. वहिनी हसल्या नाहीत. त्या खोक्याकडे बघत होत्या, जसं कुणी दवाखान्याच्या दारात आत नेलेल्या माणसाकडे बघावं.

सेल तापवून बघायला प्रयोगशाळेत कपाटाएवढ्या दोन पोलादी पेट्या होत्या. त्यांना सगळे चेंबर म्हणत. नवा चेंबर दुसऱ्या कामात अडकला होता, म्हणून बाईंनी जुना घेतला. मीठवाल्यांचे सेल रुंद, जुन्या फळ्यांवर बसेनात. तेव्हा बाईंनी एक रुंद ट्रे करून घेतला आणि स्वतःच्या हातानं आत सरकवला. थोडा घट्ट गेला. त्यांनी तळहातानं एक धक्का दिला, तो बसला.

तपासणीआधी एक कागद भरायचा असे. त्यात शेवटची ओळ होती: चेंबरचं तापमान वेगळ्या थर्मामीटरनं पडताळलं. दर सहा महिन्यांनी एक कारागीर येऊन हे करून जाई. त्या वेळी तो पाय मोडून घरी होता. दोन आठवड्यांनी येतो म्हणाला. बाईंच्या खणात दुसरा थर्मामीटर होता, अर्ध्या दिवसाचं काम होतं. पण साहेबांना पुढच्या महिनाअखेर अहवाल हवा होता. त्या तारखेनंतर पैसा दुसरीकडे जाणार होता. आणि या चेंबरचा आकडा गेल्या तीन वर्षांत अर्ध्या अंशानंही हलला नव्हता. बाईंनी त्या ओळीसमोर सही केली. मीठवाल्यांचा वेळ वाचावा, असंच तेव्हा त्यांच्या मनात होतं.

पंचेचाळीस अंशांवर चार्ज करून रिकामा करण्याच्या तीनशे फेऱ्या व्हायच्या होत्या. एकशेऐंशीव्या फेरीला पहिला सेल फुगला. उशीसारखा टम्म. दुसऱ्या दिवशी आणखी दोन. दोनशे दहापर्यंत चोवीसपैकी नऊ सेल फुगले होते. बाईंनी तपासणी थांबवली आणि मीठवाल्यांना बोलावून घेतलं.

त्यांनी एक फुगलेला सेल हातात घेतला. अंगठ्यानं दाबून बघितला. मग अगदी हळू, जणू काही उधार मागतायत अशा आवाजात म्हणाले, "बाई, रागावू नकोस. पण चेंबरचं तापमान एकदा दुसऱ्या थर्मामीटरनं बघशील का? पंचेचाळीसला हे असे फुगायला नकोत. साठच्या पुढे गेले तर फुगतील, हे मला माहीत आहे."

बाईंच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. आजवर शेकडो लोक इथं येऊन गेले होते, आणि सेल नापास झाला की प्रत्येकाला प्रयोगशाळाच खोटी वाटे. दादांनीही तेच करावं? शिवाय आत कुठंतरी त्या सहीचा काटा होता, आणि तो काटाच जास्त बोलायला लावत होता.

"तुमचा सेल फुगला म्हणून माझा थर्मामीटर खोटा?" त्या म्हणाल्या. "दादा, हे तुम्ही बोलावं? मोजमापावर विश्वास ठेवायला मला कुणी शिकवलं?"

मीठवाल्यांनी मान खाली घातली. "चुकलं माझं," ते म्हणाले. त्यांनी सेल जागच्या जागी ठेवला, त्याच्या शेजारच्या सेलला समांतर.

अहवाल गेला. चौथ्या पानावर बाईंनी लिहिलं, 'उष्णतेत हा सेल सुरक्षित वाटत नाही. गुंतवणुकीची शिफारस करता येत नाही.' साहेबांनी पैसा दुसऱ्या एका कंपनीत घातला. चार महिन्यांत बेकरीला कुलूप लागलं. यंत्रं गेली, आणि शेवटी मीठवाल्यांच्या वह्या आणि त्यातल्या कृतीचे सगळे हक्क एका मोठ्या कंपनीनं विकत घेतले. ती कंपनी जुन्याच तऱ्हेच्या बॅटऱ्या बनवायची. मीठवाले एका रुग्णालयात लागले. वीज गेली की दिवे चालू ठेवणाऱ्या बॅटऱ्यांची देखभाल करायला. हे सगळं बाईंना तिसऱ्याच कुणाकडून कळलं. वाईट वाटलं. पण कामात असं होतं, हेही त्यांनी स्वतःला बजावलं.

जुना चेंबर त्यानंतर बंदच होता. कारागीर मधे येऊन गेला, पण बंद पेटीचं काय तपासायचं म्हणून तिला हात न लावता गेला. दहा महिन्यांनी कामं वाढली आणि बाईंनी तो पुन्हा सुरू करायला काढला. कारागिरानं आपला थर्मामीटर आत सोडला, कानामागची पेन्सिल काढली, आकडा लिहिला, खोडला, पुन्हा बघितलं.

"बाई, जरा इकडे येता? पेटी म्हणते पंचेचाळीस. माझा म्हणतो एकसष्ट."

"तुमचा बिघडला असेल."

"दोन लावलेत. दोन्ही एकसष्ट."

त्यानं विजेरी लावून आत डोकं घातलं. "हे बघा. हा ट्रे आत सारताना तापमान बघणाऱ्या सेन्सरची वायर दाबली गेलीय. टोक सरकून मागच्या भोकाशी गेलंय, जिथून बाहेरची गार हवा येते. बिचाऱ्याला थंडी वाजतेय, म्हणून पेटी तापतच राहतेय." तो हसला. मग बाईंकडे बघून त्याचं हसू विरलं. "पाणी आणू का?"

ट्रे तोच होता. त्या दिवसापासून कुणी हलवलाच नव्हता. बाईंनी मानेनंच पाणी नको म्हटलं. त्या जवळच्या खोक्यावर बसल्या. कुठल्या दिवशी, कुठल्या क्षणी ते झालं, तेसुद्धा त्यांना ठाऊक होतं. तळहाताला तो धक्का अजून आठवत होता.

त्यांनी ताबडतोब बाहेर कुणाला सांगितलं नाही. नमुन्याच्या कपाटात मीठवाल्यांचे आठ सेल होते. ते त्यांनी नव्या चेंबरमध्ये लावले, खऱ्याखुऱ्या पंचेचाळीस अंशांवर, आणि पाच आठवडे थांबल्या. खात्री झाल्याशिवाय बोलायचं कशाला, असं त्या नवऱ्याला म्हणाल्या. पण रोज सकाळी चेंबरचं दार उघडताना त्यांना स्वतःचंच मन दिसे, आणि ते बघवत नसे. एखादा तरी फुगलेला असू दे, असं ते मन म्हणत होतं. एक फुगला तरी आपण सुटलो.

एकही फुगला नाही. तीनशे फेऱ्या झाल्या, आठही सेल पाटीसारखे सपाट.

"झालं ते झालं," नवरा म्हणाला. तो वाईट माणूस नव्हता. प्रयोगशाळेसाठी त्यानंही रक्त आटवलं होतं. "बेकरी गेली, वह्या गेल्या. तू सांगून त्यातलं काय परत येणार आहे? आपलं मात्र असलेलं जाईल. ज्या प्रयोगशाळेची पेटी सोळा अंशांनी खोटी बोलते, तिच्याकडे कोण येईल?"

"पेटी खोटी नाही बोलली," बाई म्हणाल्या. "सही मी केली."

रविवारी सकाळी त्या मीठवाल्यांकडे गेल्या. तिसऱ्या मजल्यावरचं घर, आता लहान घेतलेलं. दार वहिनींनी उघडलं. आत मीठवाले खिडकीशी बसून कुणाचा तरी रेडिओ दुरुस्त करत होते. बाईंना बघून ते चटकन उठले, खुर्चीवरची वर्तमानपत्रं उचलली. "अगं ये, ये! किती दिवसांनी! चहा टाक गं."

बाई बसल्या नाहीत. बसलं तर तोंडातून शब्द फुटणार नाही असं त्यांना वाटलं. उभ्या उभ्याच त्यांनी सगळं सांगितलं: सही, ट्रे, वायर, एकसष्ट. एकही गोष्ट गाळली नाही. मीठवाले रेडिओचा स्क्रू बोटांत धरून ऐकत राहिले.

मग मीठवाल्यांनी विचारलं, "आणि ते आठ? पंचेचाळीसला?"

"तीनशे फेऱ्या. एकही फुगला नाही."

"शेवटी किती राहिली ताकद?"

"ब्याण्णव टक्के."

मीठवाल्यांचा चेहरा उजळला. अगदी लहान मुलासारखा. ते वळून ओरडले, "ऐकलंस का? ब्याण्णव! मी नव्वद म्हणत होतो, तू म्हणायचीस जास्त फुशारकी नको. ब्याण्णव! चांगले होते गं आपले सेल. चांगले होते!"

त्या आनंदाकडे बघणं बाईंना असह्य झालं. शिव्या दिल्या असत्या तर त्यांनी निमूट ऐकल्या असत्या.

वहिनी स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या. त्यांच्या चेहऱ्यावर आनंद नव्हता. "वर्षभर," त्या म्हणाल्या, "वर्षभर हा माणूस रोज मला विचारत होता, माझं कुठं चुकलं असेल गं? मिश्रणात चुकलं का? वाळवताना चुकलं का? मी समजूत घालत होते, की असू दे, प्रयोग म्हटला की फसतो. मलाही वाटायला लागलं होतं, यांचंच चुकलं. आणि यांनी विचारलं होतं ना तुम्हाला? त्याच दिवशी? हात जोडून विचारलं होतं."

"हो."

"अर्धा दिवस लागला असता?"

"हो वहिनी. अर्धा दिवस."

वहिनी आत गेल्या. गॅस बंद केल्याचा आवाज आला. चहा बाहेर आला नाही.

"पुन्हा करू या, दादा," बाई म्हणाल्या. "मी साहेबांशी बोलते. माझी प्रयोगशाळा वापरा. मी हाताखाली काम करते तुमच्या, पूर्वीसारखं."

मीठवाल्यांनी स्क्रू टेबलावर ठेवला. "ती कृती आता माझी नाही. सही करून दिलीय. घरच्या घरी एक सेल जरी केला तरी गुन्हा ठरेल. त्या कंपनीला मी दोनदा पत्र लिहिलं, की फुकट येऊन शिकवतो. उत्तर नाही. त्यांनी ती करायला घेतलेलीच नाही, बाई. कुणी करू नये म्हणून घेतलीय." ते थोडं हसले. "कपाटात आहे कुठंतरी. सुरक्षित असेल."

सोमवारी बाई साहेबांकडे गेल्या. काचेची खोली, टेबलावर कागदाचा एक कपटाही नाही. साहेबांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. आधीचा पैसा ज्या कंपनीत घातला होता ती कशीबशी तग धरून होती, हे बाईंना ठाऊक होतं.

"तुम्ही प्रामाणिक आहात, याबद्दल आदर वाटतो," साहेब म्हणाले. "पण ती फाइल बंद झाली. आता उघडून मी माझ्या लोकांना काय सांगू?"

"खरं काय ते."

"त्यानं पैसा परत येत नाही." ते उठले, दारापर्यंत पोचवायला आले. "एक सांगू? त्यांनी सेल दाखवला होता तेव्हा माझा स्वतःचा विश्वास बसला होता. तुमच्या कागदावर मी तो सोडला. ते मला सोपं पडलं."

बाईंनी तरीही दुरुस्त अहवाल काढला. पहिल्याच पानावर लिहिलं, की आधीच्या तपासणीत चेंबरचं तापमान सोळा अंशांनी जास्त होतं, ते पडताळलं नव्हतं, आणि पडताळल्याची सही आपण केली होती. ज्यांना ज्यांना पहिला अहवाल गेला होता, त्या सगळ्यांना तो पाठवला. नवऱ्यानं पाकिटांवर पत्ते लिहिले. साहेबांच्या कंपनीकडून काम येणं थांबलं. मग आणखी दोघांचं. छापखान्याच्या वरच्या दोन खोल्यांपैकी एक त्यांनी सोडली, जुना चेंबर भंगारात दिला. त्यांच्याकडे जी कामं उरली त्यातलं प्रत्येक तापमान बाई तीन थर्मामीटरनी बघत. ते बघताना आता कुणी हसत नसे.

काही महिन्यांनी वर्तमानपत्रात आलं, की कुठल्याशा दुसऱ्याच देशातल्या कारखान्यात मिठाच्या बॅटऱ्यांवर तीनचाकी गाड्या धावू लागल्यात. फोटोत चपटे चंदेरी सेल होते. बाईंनी ते पान घडी घालून बाजूला ठेवलं.

त्याच आठवड्यात मीठवाल्यांचा फोन आला. आवाज नेहमीसारखाच. "तो नवा अहवाल मला फोनवर नीट वाचता येत नाही गं. कागदावर देशील का? शिक्क्यासकट."

बाईंनी छापला, शिक्का मारला, आणि संध्याकाळी स्वतः घेऊन गेल्या. या वेळीही दार वहिनींनीच उघडलं. त्यांनी लिफाफा घेतला. आत या, असं म्हटलं नाही. दार लावताना क्षणभर थांबून एवढंच म्हणाल्या, "चष्मा लावून वाट बघत बसलेत दुपारपासून."

बाई जिना उतरू लागल्या. अर्ध्या जिन्यावर असतानाच आतून मीठवाल्यांचा आवाज आला. ते आकडे मोठ्यानं वाचत होते, एकेका सेलचे, पहिल्यापासून. बाई कठड्याला धरून तिथंच थांबल्या. चौथ्या सेलपाशी वहिनींचा आवाज आला, "हळू वाचा. पुन्हा वाचा तो." आणि मीठवाल्यांनी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली.

बाई आठव्या सेलपर्यंत थांबल्या, आणि मग खाली उतरून गेल्या.